पावसाची नोंद आणि मोडेमची स्मृती

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने गाव आहे. बंगळूर वसविणारा पहिला केंपेगौडा हा येथल्याच प्रभूंच्या घराण्यातला. पुढे शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले. विमानदलाचा तळ आला, रेल्वेची चाके व आस घडविणारा कारखाना आला आणि गावाचे रूप पालटले. ह्याच येलहंका येथे एक कचेरी अशी आहे, की जिचा संबंध कर्नाटकातल्या गावोगावच्या आभाळाशी येतो. दुष्काळावर लक्ष ठेवण्यासाठी राज्य शासनाने १९८८ मध्ये एक छोटा कक्ष स्थापन केला होता. २००७ मध्ये इतर नैसर्गिक आपत्तीही त्याच्या कार्यकक्षेत आल्या आणि त्याला कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्र असे नाव मिळाले.

ह्या केंद्राने पुढील काळात राज्यभर पर्जन्यमापकांचे एक जाळे उभारले. ग्रामपंचायतीगणिक एक, अशा हिशेबाने बसविलेल्या ह्या यंत्रांची संख्या साडेसहा हजारांच्या घरात गेली. सूर्यप्रकाशावर भारित होणारी बॅटरी, पाऊस मोजणारे पात्र आणि मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यातून संदेश धाडणारा मोडेम हे प्रत्येक यंत्राचे मुख्य भाग होत. दर पंधरा मिनिटांनी गावातल्या पावसाचा आकडा येलहंका येथे पोहोचावा, अशी ही योजना होती.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, कणकुंबी हे गाव आहे. मलप्रभा नदी येथे उगम पावते. मराठी बोलणाऱ्या ह्या परिसरात आषाढात पाऊस असा कोसळतो, की दोन-दोन दिवस वीज नसते आणि दूरध्वनीचे मनोरेही मुके होतात. कणकुंबीपासून येलहंका सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पावसाची नोंद सर्वांत महत्त्वाची असते नेमकी त्याच वेळी ती पाठविण्याचा मार्ग बंद पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. दूरमापनाच्या सगळ्या विद्येतली ही मूळ अडचण होय. तिच्यावरचा उपाय नखाएवढ्या एका चिपमध्ये आहे. मोडेमच्या शेजारी जोडलेली ही बाह्य स्मृती कशी जोडतात आणि तिच्यात काय, कोणत्या क्रमाने लिहितात, हे पाहण्याजोगे आहे.

अशी एखादी नोंद हरवली तर काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी झाली, असे शासकीय व्यवहारात मानले जाते, आणि पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांना तेथून सुरुवात होते. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा महावेध हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, त्यामागे हाही एक हेतू होता. समजा, एखाद्या मंडळात प्रत्यक्ष ६७ मिलिमीटर पाऊस पडला. पण त्यातले ९ मिलिमीटर अशा दोन तासांत पडले, की ज्या वेळी दूरध्वनीचे जाळे बंद होते. मोडेमने ते आकडे पाठविण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि आकडे तेथेच विरून गेले. कचेरीतल्या तक्त्यात ५८ ही संख्या उमटते. शेतात पाणी साचलेले सर्वांना दिसते. परंतु कागदावर अतिवृष्टी नसते. हवामानावर आधारलेल्या पीकविम्यातही हीच गोष्ट निराळ्या रूपाने येते. तेथे तर नुकसान पाहावयास सहसा कोणी शेतावर जातच नाही. पर्जन्यमापकाने सांगितलेला आकडा हाच साक्षीदार असतो.

पर्जन्यमापकाची रचना अगदी साधी आहे. गोल तोंडाच्या नरसाळ्यातून पाणी खाली येते व दोन कप्प्यांच्या एका तराजूसारख्या पात्रात पडते. एक कप्पा भरला की तो कलंडून रिता होतो आणि दुसरा वर येतो. पात्राला लहानसा चुंबक बसविलेला असतो. तो प्रत्येक कलंडण्याबरोबर एका काचेच्या नळीतील दोन पात्यांना क्षणभर एकत्र आणतो, आणि विजेचा एक ठोका मिळतो. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. अर्धा मिलिमीटर पाऊस म्हणजे अशा वेळी १५.७ घन सेंटीमीटर पाणी. एवढ्या पाण्याला एक ठोका, असे प्रमाण ठरविले की पाऊस मोजणे म्हणजे ठोके मोजणे होऊन जाते. पालापाचोळ्याने नरसाळे तुंबणे, कोळ्यांनी जाळी विणणे अशा अडचणी येथेही असतात. पण त्या झाडूने दूर होतात.

ठोके मोजण्याचे व ते पाठविण्याचे काम मोडेमच्या चिपकडे असते. मोडेम हा शब्द दोन इंग्रजी शब्दांच्या तुकड्यांपासून बनलेला आहे. अंकांना लहरींवर आरूढ करणे आणि पलीकडून आलेल्या लहरींवरून अंक पुन्हा उतरवून घेणे, अशी दोन्ही कामे तो करतो. पूर्वी हे स्वतंत्र खोके असे. आता एकाच चिपमध्ये लहरींचा व्यवहार सांभाळणारा भाग आणि छोटासा संगणक असे दोन्ही मावतात. त्यामुळे पर्जन्यमापकाला वेगळा संगणक न देता मोडेमच्याच संगणकाकडून ठोके मोजून घेता येतात.

ह्या चिपला स्वतःची स्मृती असते. पण ती दोन कारणांनी अपुरी पडते. पहिले कारण असे, की तिच्यातला कामचलाऊ भाग वीज गेली की कोरा होतो. पाटीवर लिहिलेले पाण्याने पुसावे तसे. दुसरे कारण चिप बनविण्याच्या विद्येत आहे. गणन करणारे अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर ज्या प्रक्रियेने घडवितात, त्याच प्रक्रियेत दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीच्या पेशी घडविणे अवघड व खर्चाचे असते. म्हणून पुष्कळ मोडेम चिपांत टिकाऊ स्मृती थोडी असते, काहींत मुळीच नसते, आणि जी असते ती दूरध्वनीच्या जाळ्याशी बोलण्याच्या नियमांनीच बहुतांशी व्यापलेली असते. पावसाच्या नोंदींना जागा हवी असेल तर ती बाहेरून आणावी लागते.

बाहेरून आणलेली ही स्मृती बहुधा फ्लॅश जातीची असते. तिच्या प्रत्येक पेशीत ट्रान्झिस्टरच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक लहानसा कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते वर्षानुवर्षे तेथेच कोंडून राहतात, वीज असो वा नसो. कप्पा रिता असेल तर त्या पेशीतून १ हा अंक वाचला जातो. भरलेला असेल तर ०. ह्या कल्पनेचे व्यावहारिक रूप १९७१ मध्ये इंटेल ह्या अमेरिकी कंपनीत डोव फ्रोमन ह्यांनी प्रथम साकारले. त्या काळच्या चिपांना वरून स्फटिकाची खिडकी असे, आणि मजकूर पुसायचा तर चिप काढून जंबुपार किरणांखाली वीसेक मिनिटे ठेवावी लागे. आकाशात ढग असताना डोंगरमाथ्यावरच्या पेटीत असला उद्योग कोण करणार? विजेनेच आणि एका झटक्यात मोठा भाग पुसता येईल अशी स्मृती जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांनी शोधून काढली व १९८४ मध्ये तिची माहिती जगापुढे मांडली. छायाचित्रकाराच्या झगमगाटी दिव्याची आठवण देणारे फ्लॅश हे नाव तिला त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचविले.

ही चिप आठ पायांची असते. दोन पायांना वीज व भूमी जोडतात. चार पाय मोडेमशी बोलण्यासाठी असतात. एकावर घड्याळाचे ठोके येतात, दुसऱ्यावरून मोडेम चिपला आज्ञा व आकडे देतो, तिसऱ्यावरून चिप उत्तर देते, आणि चौथा पाय निवडीचा. ह्या निवडीच्या तारेवरचा दाब खाली गेला तरच चिप कान देते. तो वर असेल तोवर इतर तारांवर काय चालले आहे याची ती दखल घेत नाही. उरलेले दोन पाय लेखनबंदी व क्षणविश्राम ह्यांचे असतात. ते वापरायचे नसल्यास वरच्या दाबाला बांधून टाकावेत, मोकळे सोडू नयेत. मोकळा पाय आसपासच्या लहरींमुळे डोलत राहतो, आणि मोडेमच्या शेजारी लहरींना तोटा नसतो.

जोडणी कागदावर इतकी सोपी दिसते, की नवखा अभियंता ती अर्ध्या तासात उरकतो. घोटाळे पुढे उद्भवतात. पहिला घोटाळा विद्युत दाबाचा. अनेक मोडेम चिपा आपल्या तारांवर १.८ व्होल्टची भाषा बोलतात, आणि बाजारात सहज मिळणारी स्मृतिचिप ३.३ व्होल्टची असते. दोघींना तशाच जोडल्या तर कधी स्मृतीला मोडेमचे बोलणे ऐकू येत नाही, तर कधी स्मृतीच्या मोठ्या आवाजाने मोडेमचा पाय जळतो. तेव्हा १.८ व्होल्टचीच स्मृती घेणे हा सरळ मार्ग. मध्ये दुभाषा चिप बसविणे हा आडवळणाचा.

दुसरा घोटाळा सुरुवातीच्या क्षणांचा. वीज आली की मोडेमचा संगणक जागा व्हायला काही वेळ घेतो, आणि तोपर्यंत त्याचे पाय कोणत्याच दाबाला बांधलेले नसतात. त्या अवधीत निवडीची तार चुकून खाली गेली आणि घड्याळाच्या तारेवर कुरबुर झाली, तर स्मृतिचिप त्या कुरबुरीलाच आज्ञा समजण्याचा धोका असतो. म्हणून निवडीची तार दहा हजार ओहमच्या एका रोधकाने, म्हणजे रेझिस्टरने, वरच्या दाबाला ओढून ठेवतात. त्याची किंमत काही पैशांत असते. तो गाळला तर यंत्र प्रयोगशाळेत शंभर वेळा नीट चालते, आणि पाठविल्यावर एकशेएकाव्या वेळी बिघडते.

तिसरा घोटाळा सर्वांत वाईट, कारण तो पावसाच्याच वेळी गाठतो. दुसऱ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यात मोडेम सलग बोलत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीचे आठ भाग असतात, आणि मोडेम त्यांतल्या आपल्या वाट्याच्या भागात, म्हणजे ०.५७७ मिलिसेकंद, पूर्ण ताकदीने ओरडतो. मनोरा दूर असेल तर त्या क्षणी तो जवळजवळ दोन अँपिअर प्रवाह ओढतो. एरवी फार थोडा. समजा, बॅटरीपासून मोडेमपर्यंतच्या तारा, जोड व फ्यूज मिळून पाव ओहम रोध आहे. दोन अँपिअरला तेथे अर्धा व्होल्ट गळून जातो. उन्हात भरलेल्या बॅटरीला ह्याचे काही वाटत नाही. परंतु चार दिवस सूर्यदर्शन नाही, बॅटरी उतरत आलेली, गारव्याने आणखी मंदावलेली, अशा वेळी तोच अर्धा व्होल्ट मोडेमला बेशुद्ध करतो. तो क्षणार्धात पुन्हा जागा होतो, पुन्हा ओरडतो, पुन्हा कोसळतो. ह्या धडपडीत स्मृतीमध्ये काही लिहिणे चालू असेल, तर ते अर्धवट राहते. उपाय दुहेरी आहे. मोडेमच्या वीजपायाला खेटून हजारएक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा, म्हणजे क्षणाची भूक त्यातून भागते. स्मृतिचिपला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा लहान कपॅसिटर वेगळा द्यावा. दुसरा उपाय जोडणीत नसून क्रमात आहे: लेखन पूर्ण झाल्याखेरीज प्रक्षेपण सुरू करू नये.

येथून स्मृतीत लिहिण्याच्या विद्येकडे वळावे लागते. फ्लॅश स्मृतीचा स्वभाव वहीपेक्षा पाटीला अधिक जवळचा आहे, पण पाटीही विचित्र. कोऱ्या पेशीत सर्वत्र १ असतात. लिहिणे म्हणजे काही १ चे ० करणे. ० चा पुन्हा १ करायचा तर एकट्या पेशीला हात लावता येत नाही; ४,०९६ बाइटांचा अख्खा पट्टा पुसावा लागतो. लिहिताना मात्र एका दमात जास्तीत जास्त २५६ बाइटांचे एक पान लिहिता येते. पान लिहिण्यास एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. पट्टा पुसण्यास कितीतरी अधिक, प्रसंगी काही शतांश सेकंदांपासून अर्ध्या सेकंदाच्या जवळपास.

आज्ञा देण्याची रीत ठरलेली आहे आणि ती निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपांत बरीचशी सारखी असते. आज्ञांचे क्रमांक सोळाच्या पायावरील अंकांत सांगतात. प्रथम ९एफ ही आज्ञा देऊन चिपची ओळख विचारावी. कारखान्याचा, जातीचा व आकाराचा असे तीन बाइट उत्तरादाखल येतात. सगळे ० किंवा सगळे १ आले तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तार तुटली आहे किंवा दाब जुळत नाही. ओळख पटल्यावर लिहिण्यापूर्वी दर वेळी ०६ ही आज्ञा द्यावी लागते. ती लेखनाची परवानगी होय, आणि एका लेखनानंतर ती आपोआप संपते. सरकारी कचेरीत प्रत्येक कागदाला स्वतंत्र सही लागावी तसे हे आहे. पण कुरबुरीमुळे मजकूर खराब होण्याचे बरेच प्रसंग ह्या सहीमुळेच टळतात. मग ०२ ही आज्ञा, तीन बाइटांचा पत्ता, आणि मागोमाग मजकूर. निवडीची तार वर नेली की चिप लिहू लागते. ०५ ह्या आज्ञेने ती अजून कामात आहे की मोकळी झाली, हे विचारीत राहावे. पट्टा पुसण्याची आज्ञा २० ही आहे. पानाच्या शेवटापलीकडे मजकूर गेला तर तो पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या आरंभी येऊन पडतो, ही एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुष्कळांचा एक-एक दिवस तिने खाल्ला आहे.

आता प्रत्यक्ष नोंदवही कशी मांडावी? सर्व यंत्रांची मांडणी एकसारखी नसते. परंतु एक नमुना मांडून पाहता येईल. प्रत्येक पंधरा मिनिटांची नोंद १६ बाइटांत बसवू. चार बाइट अनुक्रमांकाला, चार वेळेला, दोन त्या पंधरा मिनिटांतील ठोक्यांना, दोन आरंभापासूनच्या एकूण ठोक्यांना, एक बॅटरीच्या दाबाला, एक स्थितिदर्शक, आणि शेवटचे दोन पडताळ्याला. दिवसाच्या ९६ नोंदी म्हणजे १,५३६ बाइट, बरोबर सहा पाने. आठ मेगाबिटची चिप आज लहान समजली जाते. तिच्यात १०,४८,५७६ बाइट मावतात. म्हणजे ६८२ दिवसांच्या नोंदी. दोन पावसाळ्यांत येलहंकाशी एकदाही संपर्क झाला नाही, तरीही पावसाचा एक ठोका हरवू नये, एवढी ही जागा आहे.

एकूण ठोक्यांचे दोन बाइट कोणाला अनाठायी वाटतील. तसे ते नाहीत. एखादी नोंद खराब झालीच, तर तिच्या आधीच्या व नंतरच्या एकुणांतील फरकावरून मधला पाऊस मिळतो. फक्त तो नेमका कोणत्या पंधरा मिनिटांत पडला, एवढेच कळत नाही. दोन बाइटांत ६५,५३५ पर्यंत आकडा बसतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या ठोक्याने साडेबत्तीस मीटरहून अधिक पाऊस. घाटमाथ्यालाही तेवढा पाऊस पडायला काही वर्षे लागतात.

फ्लॅशचा पट्टा सुमारे एक लाख वेळा पुसता येतो. नंतर त्यातील विद्युतरोधक झिजून पेशी गळू लागतात. एक लाख ही संख्या मोठी वाटते, आणि येथेच हुशार माणसेही फसतात. पुढची नोंद कोठे लिहायची हे लक्षात राहावे म्हणून एका ठरावीक जागी खूण ठेवण्याचा मोह होतो. प्रत्येक नोंदीनंतर ती खूण बदलायची, म्हणजे तो पट्टा दिवसातून ९६ वेळा पुसायचा. एक लाखाला ९६ ने भागले की सुमारे १,०४१ दिवस येतात. दोन वर्षे व दहा महिने. तिसऱ्या पावसाळ्याच्या सुमारास एकाच वेळी बसविलेली यंत्रे एकापाठोपाठ एक आपली जागा विसरू लागतील, आणि त्यांतले कोणतेही उघडून पाहिले तर जोडणी निर्दोष दिसेल. ह्याउलट खूण ठेवलीच नाही, नोंदी ओळीने पुढे लिहीत गेले, शेवटाला पोहोचल्यावर पुन्हा आरंभी आले आणि पुढे लागणारा पट्टा तेवढा पुसला, तर प्रत्येक पट्ट्याची पाळी ६८२ दिवसांतून एकदाच येते. मग झिजेचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. वीज गेली तर जागा कशी सापडायची? २५६ पट्ट्यांच्या पहिल्या नोंदींचे अनुक्रमांक वाचावेत. सर्वांत मोठा अनुक्रमांक ज्या पट्ट्यात असेल, त्यातच शेवटची नोंद असते. हे शोधायला यंत्राला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

अर्धवट लिहिलेली नोंद ओळखण्यासाठी शेवटचे दोन पडताळ्याचे बाइट असतात. आधीच्या बाइटांवर एक ठरावीक गणित करून ते काढतात. वाचताना तेच गणित पुन्हा करून उत्तर जुळले नाही, तर ती नोंद टाकून द्यावी. खराब नोंद योगायोगाने खरी ठरण्याचा संभव ६५,५३६ मध्ये एक इतका असतो.

स्थितिदर्शक बाइटात मात्र फ्लॅशच्या विचित्र स्वभावाचा सुरेख उपयोग करून घेता येतो. नोंद लिहिताना हा बाइट कोरा ठेवतात, म्हणजे त्यातील आठही बिट १ असतात, आणि पडताळ्याच्या गणितातून त्याला वगळतात. नोंद पाठविली, येलहंकाहून पोच आली, की त्यातील एका बिटाचा ० करतात. १ चा ० करायला काही पुसावे लागत नाही. त्यामुळे बहुतेक चिपांत ही दुरुस्ती जागच्या जागी होते. ज्या नोंदीवर ही खूण नाही ती अजून पोहोचलेली नाही. ‘पाठविली’ आणि ‘पोहोचली’ ह्यांत येथे कटाक्षाने भेद केला पाहिजे. पोच न येता खूण केली, तर मनोरा बंद पडला त्या क्षणी हवेत असलेल्या नोंदी कायमच्या गेल्या.

बाइटाबाइटाने पुसता येणाऱ्या जुन्या जातीच्या स्मृती, तसेच अगणित वेळा लिहिता येणाऱ्या लोहविद्युत स्मृतीही मिळतात. पहिल्या जातीच्या लहान असतात, दुसऱ्या महाग. बॅटरी संपण्याच्या क्षणी चालू पंधरा मिनिटांचे ठोके जपून ठेवण्यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो.

पावसाच्या नोंदींखेरीज बाह्य स्मृतीत आणखी एक मौल्यवान वस्तू असते, ती म्हणजे यंत्राला चालविणारी आज्ञावली. कारखान्यात ती प्रथम चढविण्याच्या तीन रीती आहेत. स्मृतिचिप पट्टीवर बसविण्यापूर्वीच वेगळ्या यंत्रात लिहून घेणे ही पहिली. पट्टीवर बसविल्यानंतर चिमट्याने तिचे आठ पाय पकडून लिहिणे ही दुसरी. ह्या रीतीत मोडेमला झोपवून ठेवण्यास विसरू नये, नाहीतर त्याच तारांवर दोन मालक एकाच वेळी आज्ञा देऊ लागतात. शिवाय चिमट्यातून आलेली वीज मोडेममध्ये शिरते आणि तोही अर्धवट जागा होतो. तिसरी रीत मोडेमकडूनच लिहून घेण्याची. ती सर्वांत सोयीची, पण त्यासाठी मोडेममध्ये आधी थोडी आज्ञावली असावी लागते. रीत कोणतीही असो, लिहिल्यावर सर्व मजकूर परत वाचून मूळाशी ताडून पाहणे हे कामच आहे, त्याला तपासणी म्हणून वेगळे काढू नये.

गावोगाव यंत्रे बसविल्यानंतर आज्ञावलीत दोष आढळला तर? साडेसहा हजार गावी माणूस पाठविणे म्हणजे केवढा खर्च, हे सांगायला नको. म्हणून नवी आज्ञावली जाळ्यावरून पाठवितात. येथे जपावे लागते. स्मृतीत आज्ञावलीसाठी दोन जागा राखतात. एकीतली चालू असताना नवी तुकड्यातुकड्याने दुसरीत येऊन साठते. सगळी आल्यावर तिचा पडताळा होतो, आणि मगच यंत्र नव्या जागेवरून चालू होते. ते ठरावीक वेळात येलहंकाशी बोलू शकले नाही, तर आपल्या आपण जुन्या जागेवर परतते. एकाच जागेवर जुनीच्या अंगावर नवी लिहू गेले आणि मध्येच वीज गेली, तर मोडेमला ना जुनी भाषा येते ना नवी. मग डोंगर चढूनच जावे लागते.

जाळे परत आले म्हणजे साठलेल्या नोंदी कोणत्या क्रमाने पाठवायच्या, हाही प्रश्न उरतो. जुन्या आधी पाठविल्या तर दोन दिवसांचा साठा संपेपर्यंत आत्ता कोसळणारा पाऊस येलहंकाला कळत नाही, आणि खाली नदीकाठच्या गावांना इशारा देणे लांबते. त्यामुळे सर्वांत ताजी नोंद आधी, मागच्या सवडीने, हाच क्रम शहाणपणाचा. नोंदी उलटसुलट पोहोचल्या तरी प्रत्येकीवर तिची वेळ असतेच. भारतीय हवामानशास्त्रात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तेव्हा यंत्राचे घड्याळ बिनचूक हवे. साडेआठच्या आसपासच्या सरीचा आकडा चुकीच्या दिवशी पडला तर ६५ ची रेषा पुन्हा आडवी येते. ३२,७६८ कंपनांचा क्वार्ट्झ स्फटिक लाखात दोन भाग चुकला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे बावन्न सेकंद इकडेतिकडे होतात. मनोऱ्याकडून अधूनमधून वेळ विचारून घेतली की तेवढे भागते. नोंदीवर वेळ घालायची ती मात्र ठोका पडल्याची, पाठविल्याची कधीही नव्हे.

पुराच्या पाण्यात पेटी बुडाली, मोडेम जळाला, बॅटरी फुगली, तरी स्मृतिचिप बहुधा वाचते. विजेवाचून ती आपला मजकूर वीस वर्षे जपील, असे कारखाने सांगतात. कार्यशाळेत पेटी उघडून चिपवरचा चिखल धुतात, ती वाळवतात, पट्टीवरून उकलून चिमट्यात धरतात आणि अनुक्रमांकांप्रमाणे वाचून काढतात. ज्या नोंदींच्या स्थितिदर्शक बाइटात आठही बिट अजून १ आहेत, त्या तेवढ्या तक्त्यात भरावयाच्या राहिलेल्या असतात.